मोजदाद

ताकारीच्या अलीकडे, ओढ्यावरच्या मोरीपाशी,
दुसऱ्या लाइनीसाठी भराव उकरताना
जेसीबीच्या दाताला घागर लागली.
ऑपरेटर बिहारचा, त्याला वाटलं धन.
खाली उतरून त्यानं तोंडावरची लाख नखानं खरवडली.
आत उसाच्या पाचटात, लुगड्याच्या चिंध्यांत
सात गोळे,
रामफळाएवढे, सुतळीनं आवळलेले.
एकाची सुतळी कुजून बाहेर आलेला
घोड्याच्या नालाचा खिळा.

मी शंभर पावलांवर चाव्या ठोकत होतो.
अठरा वर्षं ह्याच पाच किलोमीटरांत
सकाळी जायचं, दुपारी यायचं,
ढिली चावी दिसली की हातोडा.
माझ्याही पिशवीत दहा फटाके असतात, सरकारी,
पुढं धोका असला तर रुळाला बांधायचे,
गाडीला आवाजानं कळवायचं.
आजवर एकदाच बांधलेत.

सांगलीहून पथक आलं, कुत्रं आलं, वाळूची पोती आली.
दोन गाड्या भवानीनगरात अडकल्या.
साहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर पंचनामा लिहिला:
अंदाजे ऐंशी वर्षांपूर्वी, अज्ञात इसमांनी.
तेवढ्यात नातवाच्या मोटरसायकलवरून
गजराक्का वायदंडे आली.
काठी टेकली, पदर सारखा केला.
“किती निघालं?”
“सात.”
“नऊ हुतं.”

साहेब हसले. म्हातारीला खुर्ची द्या म्हणाले.

खुर्चीवर ती बसली नाही. गँगच्या खोपटात आली,
माझ्या बाटलीतलं पाणी वरून प्याली.
“शेणीच्या पाटीतनं आणलं मी. तेरा वर्साची हुते.
वर शेणी, खाली ह्ये.
मोरीपाशी ठिवायचं. रातीला पोरं येणार,
मिलिटरीची गाडी उडवणार.
त्याच गाडीनं आमचा थोरला येणार हुता रजेवर,
खंदक खणायच्या पलटणीतनं.
कार्ड आल्यालं. मास्तरनं वाचून दावल्यालं.
म्हणून खड्डा काढला. हातानंच.
सात घागरीत बसलं. दोन तसंच पुरलं, जरा पल्याड.”

“आला?”
“आला की. चार दिस ऱ्हायला.
परत गेला त्यो ब्रह्मदेशातच ऱ्हायला.”

मग ती रुळाकडं नाही,
माझ्या बुटांकडं बघत राहिली.
“गोळं कुटं गेलं म्हणून
पोरांनी केरबा गुरवाला धरला. फितूर म्हणून.
तळवं फोडलं त्याचं.
फुडं चाळीस वर्सं त्यो पाय वढत
आमच्या दारावरनं देवळाकडं जायचा.
जाता जाता इचारायचा, गजरे, बरी हाईस का?
मी म्हणायची, बरी हाय.”

संध्याकाळी ओढ्याच्या वाळूत सातही ठेवले.
सहा नुसते फुसफुसले.
सातवा वाजला,
उसातनं बगळे उठले, कुणाचा तरी रेडकू दावं तोडून पळाला.
गजराक्कानं कान झाकले नाहीत.

उरलेल्या दोनांसाठी यंत्र फिरवलं म्हणा.
ते वाजतच राहिलं.
रुळाशेजारची माती, तिच्यात लोखंडाशिवाय काय असणार?
जुन्या चाव्या, तुटके बोल्ट, इंजिनांची गळती.
साहेबांनी लिहिलं: सात सापडले, सात निकामी केले,
मोजदाद जुळते.
तिसऱ्या दिवशी भरावावर पुन्हा मुरूम पडला.

तेव्हाची लाइन अरुंद होती.
ती उखडली, रुंद टाकली,
वाफ गेली, डिझेल आलं, आता वर तारा.
मालगाड्या, साखर, खत, वरातीची पोरं, फौजी,
सगळे त्या दोनांवरून गेले.
मीही जातो.
मोरीपाशी चावी ढिली असली तर
आधी गुडघा टेकतो, हातानं दाबून बघतो,
मग हातोडा.

परवा फाटकाशी भेटली.
नातवानं गाडी थांबवली होती, पॅसेंजर जायची होती.
माझ्या तोंडून निघून गेलं,
“आक्का, बरी हाईस का?”

डबे मोजत होती बहुतेक.
बोलली नाही.